आईच्या पोटातली तीन गुपितं

वेदिकाच्या आईच्या पोटात गोष्ट राहते, हे आख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं. सासूचं गाऱ्हाणं असो, पोराचं लफडं असो, नाहीतर नवऱ्यापासून लपवून घेतलेली साडी असो, बायका यायच्या त्या शुभांगीकडेच. शेजारच्या भाग्यश्रीकाकू म्हणायच्या, "शुभांगीला सांगणं म्हणजे गंगापूर धरणात खडा टाकणं. डुबुक झालं, संपलं!" आता हा गुण म्हणजे कौतुकाचीच गोष्ट. पण याच गुणापायी आईला सटाण्याला जायची पाळी येईल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

त्याचं असं झालं. आई नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. मागच्या दिवाळीत कॉलेजच्या संस्थेनं ग्रंथालयातच एक 'माहिती कक्ष' उघडला आणि आईला त्याची प्रमुख केलं. प्रमुख म्हणजे काय, तर एक टेबल, एक कॉम्प्युटर, मनात आलं तरच फिरणारा एक पंखा आणि आई. तिच्या हाताखाली दुसरं कुणी नाही. कॉलेजातले प्राध्यापक काय शोधून काढतायत, कारखानदारांचं कुठे अडतंय, सरकारी कचेऱ्यांपुढे कसले प्रश्न पडलेत, हे सगळं गोळा करायचं आणि ज्याच्या कामाचं त्याच्यापर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. कुणाला परदेशातला शोधनिबंध हवा, कुणाला पेटंट तपासून हवं, कुणाला एखाद्या योजनेचा जीआर हवा. आई शोधते, वाचते, सोप्या मराठीत लिहून देते. पप्पा या कक्षाला 'वधूवर सूचक मंडळ' म्हणायचे. संध्याकाळी आई घरात पाऊल टाकते न टाकते तोच, "काय मग, आज किती स्थळं आली?"

"दोन आली. पण पत्रिका जुळत नाही," आई चपला काढत म्हणायची.

हसण्यावारी चाललं होतं ते ठीक, पण संस्थेच्या सचिवांनी हसण्यावारी काही घेतलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मॅडम, वर्षभरात एक तरी करार झाला पाहिजे. कॉलेज, उद्योग आणि सरकार, तिघांच्या सह्यांचा. नाही झाला तर कक्ष बंद. सटाण्याला आपल्या कॉलेजात ग्रंथपालाची जागा रिकामी आहेच."

सटाणा! सोमवारी पहाटेची एसटी, शनिवारी रात्री परत. पप्पा अंबडच्या कंपनीत शिफ्टला, आणि त्यांना खिचडीच्या पुढे काही येत नाही. त्यात वेदिका दहावीला. लोक म्हणतील, दहावीच्या घोडीला आई कशाला लागते? लागते हो! भूमितीसाठी नाही लागत. शाळेतून आल्याआल्या ज्याला सगळं सांगायचं असतं, ते माणूस घरात असावं लागतं. आणि वेदिकाकडे सांगण्यासारखं अलीकडे फारच साठत होतं. गेल्या वर्षापर्यंत पाहुणे आले की ती फ्रिजमागे उभी राहायची. पण यंदा स्नेहसंमेलनाचं निवेदन करणारी मुलगी ऐनवेळी तापानं पडली, बाईंनी वेदिकाच्या हातात माइक कोंबला, आणि माइक हातात आल्यावर या पोरीला शोध लागला की आपल्याला बोलता येतं! तेव्हापासून तिचं तोंड बंद करायला घरात कुणाला जमलं नव्हतं. आणि आता नेमकी तिची हक्काची श्रोती सटाण्याला जाणार?

तसं स्थळ जुळलेलं होतं, आणि तेही आईनंच जुळवलेलं. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर देवस्थानाचं एक गाव आहे. तिथल्या नगरपरिषदेपुढे निर्माल्याचे डोंगर साचत होते. देवाला वाहिलेला झेंडू रोज टेम्पो भरभरून, टाकायचा कुठे? हे आईनं बातमीत वाचलं. कॉलेजातले रसायनशास्त्राचे ललित सर झेंडूच्या फुलांपासून सुतासाठी रंग काढतायत, हे तिला ठाऊक होतं, कारण त्यांना लागणारे निबंध तीच शोधून द्यायची. आणि जुन्या नाशकातल्या सलाउद्दीनचाचांचा सूत रंगवायचा छोटा कारखाना आहे, त्यांना पुण्याच्या एका दुकानाकडून 'नैसर्गिक रंगाचं सूत देता का?' अशी विचारणा आली होती. हे कुठून कळलं? तर चाचांची मुलगी कशिश वेदिकाच्या वर्गात, वेदिकाच्याच बाकावर. आईनं तिघांना एकमेकांचे नंबर दिले, सगळ्यांची माहिती एका पानावर मांडून दिली, असा रंग आधी कुणी पेटंट करून ठेवलाय का तेही बघून दिलं. नगरपरिषद फुलं देणार, ललित सर रंगाची कृती देणार, चाचा सूत रंगवणार. काय सुंदर! पप्पांनी तर अक्षता टाकायचीच तयारी केली होती.

आणि रंग बिघडला.

ललित सरांच्या प्रयोगशाळेत सूत असं पिवळंधमक निघालं की वाटावं, दसऱ्याचं तोरणच टांगलंय. तीच कृती चाचांनी कारखान्यात केली, तर सूत निघालं डबक्यातल्या शेवाळासारखं. काळपट हिरवं. पुन्हा केलं, पुन्हा शेवाळ. दोनदा केलं, चारदा केलं, शेवाळच.

"सर म्हणतात अब्बांना कृती पाळता येत नाही," कशिशनं बाकावर दप्तर आपटत सांगितलं. "आणि अब्बा म्हणतात, ये प्रोफेसर लोग कागदपे रंगाते हैं."

"आणि नगरपरिषदवाले?"

"ते म्हणतात, तुमचं तुम्ही निस्तरा, नायतर आम्ही निर्माल्य खतवाल्याला देतो."

दिवाळीच्या सुट्टीतल्या मंगळवारी नगरपरिषदेत शेवटची बैठक ठरली. त्या दिवशी जमलं तर करार, नाही तर फुलं खतवाल्याला आणि आई सटाण्याला.

आईचं काय चाललं होतं? आई गप्प होती. वेदिकानं खोदून खोदून विचारलं तेव्हा रविवारी सकाळी ती एवढंच म्हणाली, "वेदू, तिघांनीही मला एकेक गोष्ट सांगितलीय. आणि तिघांनीही सांगताना म्हटलंय, 'कुणाला बोलू नका हं.' मी शब्द दिलाय."

"तिघांना?"

"तिघांना. कक्षाचा नियमच आहे तो. ज्यानं विश्वासानं सांगितलं, त्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जात नाही. तसं नसतं तर कुणी मला काही सांगितलंच नसतं. मग कसलं स्थळ आणि कसलं लग्न?"

हे बोलताना ती डोक्याला लावायची मेंदी घेऊन बाल्कनीत बसली होती. दिवाळीआधी मेंदी लावायचा मुहूर्त हुकला होता, तो आता गाठायचा होता. रात्री लोखंडी कढईत भिजवलेली मेंदी चांगली काळीशार झाली होती. वेदिका हातात प्लास्टिकची पिशवी चढवून आईच्या भांगात थापायला बसली.

"काय मस्त काळी झालीय गं!" वेदिका म्हणाली. "भाग्यश्रीकाकूंची मेली नेहमी केशरी होते. परवा लग्नाला आल्या तर लांबून वाटलं, भगवा झेंडाच येतोय."

"ती स्टीलच्या पातेल्यात भिजवते ना. मेंदीला लोखंड लागतं. आणि मी आवळा-हिरड्याची पूडही घालते. हिरडा आणि लोखंड एका ठिकाणी आले की काळं होणारच..."

आई तिथेच थांबली. म्हणजे बोलायची थांबली, हलायची थांबली, बहुधा श्वास घ्यायचीही थांबली.

"आई?"

"हिरडा," आई पुटपुटली. "लोखंड." मग तिनं खट्कन मान वळवली, मेंदीचा गोळा वेदिकाच्या नाकावर बसला, आणि आई हसायलाच लागली. हसता हसता रडकुंडीला आली. "अगं बाई, माझ्याकडेच होतं की गं! महिनाभर माझ्याकडेच पडलं होतं! तीन वेगळ्या कप्प्यांत!"

"काय पडलं होतं?"

"ते सांगता येत नाही!"

"आई!!"

"खरंच नाही सांगता येत. शब्द दिलाय." आणि ती पुन्हा हसू लागली, पण या खेपेला हसण्यात दम नव्हता. उत्तर हाताशी आलं होतं आणि तोंडाला कुलूप होतं. ज्याच्या पोटात गोष्ट राहते त्याचे काय हाल होतात, ते वेदिकानं त्या दिवशी पाहिलं.

डोक्यावर मेंदी तशीच ठेवून आईनं तिघांना फोन लावले. आतल्या खोलीत, दार लावून. वेदिका दाराला कान लावून बसली. त्यात तिला काही गैर वाटलं नाही, आणि ऐकूही काही आलं नाही. आई बाहेर आली तेव्हा मेंदी वाळून डोक्यावर खापरी झाली होती.

"परवानगी मागितली," ती म्हणाली. "तुमची गोष्ट बाकीच्या दोघांना सांगू का, म्हटलं. एक म्हणाले, त्यांना आधी सांगू द्या. दुसरे म्हणाले, त्यांना आधी सांगू द्या. तिसऱ्यांनी काय सांगितलं असेल?"

"त्यांना आधी सांगू द्या."

"शाबास."

"मग कारण न सांगता नुसतं म्हण ना कुणाला तरी, की बाबा हे एवढं बदल! एकानं बदललं तरी पुरे ना?"

"तेही करून पाहिलं. 'का बदलू, कोण म्हणतं?' म्हणाले. खरंच आहे त्यांचं. मी काही रसायनशास्त्र शिकलेली नाही. मी कुठून कळलं ते सांगितलं तरच माझ्या म्हणण्याला वजन. कुठून कळलं ते सांगता येत नसेल तर ती माहिती नव्हे वेदू, ती नळावरची कुजबुज." तिनं डोक्याला हात लावला आणि दचकली. "अगं बाई! हे धुवायचंय अजून!"

मंगळवारी वेदिका आईबरोबर गेली. सुट्टीच होती, आणि तसंही तिला घरी बसवण्याची कुणाची टाप नव्हती. नगरपरिषदेच्या सभागृहात लांबलचक टेबल, त्यावर हिरवं कापड, भिंतीवर घड्याळ. कशिशही अब्बांबरोबर आली होती, मांडीवर शेवाळी सुताच्या लडींची पिशवी घेऊन. दोघी मागच्या खुर्च्यांवर बसल्या.

"आज काय होईल गं?" कशिश कुजबुजली.

"माझ्या आईला माहितीय. पण तिला बोलता येत नाही."

"मला पण एक माहितीय," कशिश म्हणाली. "पण अब्बांनी कसम घातलीय."

"सगळी दुनियाच मुकी झालीय म्हणजे!"

टेबलाच्या एका बाजूला ललित सर बसले होते, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. समोर सलाउद्दीनचाचा, बोटांची नखं कायमची रंगलेली. मधल्या खुर्चीवर नगरपरिषदेचे आरोग्य निरीक्षक मोतीराम गांगुर्डे. हे मोठे गडगडाटी गृहस्थ. निर्माल्याचं सगळं खातं त्यांच्याकडे, आणि करारावर नगरपरिषदेच्या वतीनं सही करायचे अधिकारही त्यांना देऊन ठेवलेले. त्यांनी सुरुवातच केली, "हे बघा, मला लय येळ नाय. खतवाला बाहेर टेम्पो घेऊन उभा हाय. रंग जमतो का नाय, एवढं सांगा."

"जमतोच," ललित सर म्हणाले. त्यांनी पिशवीतून आपली पिवळीधमक लडी काढून टेबलावर ठेवली. "हा माझा नमुना. कृती चोख आहे. अंमलबजावणीत गडबड होतेय."

"गडबड?" चाचांनी कशिशकडून पिशवी घेतली आणि शेवाळी लडी शेजारी ठेवली. "सर, हमारी सात पिढ्या रंगवतायत. माझ्या आजोबांनी रंगवलेला फेटा अजून घरात आहे, उतरलाय का विचारा. तुमच्या कृतीतच काहीतरी गायब आहे."

"गायब काही नाही! उलट तुम्हीच काहीतरी जास्तीचं घालत असणार."

चाचा नखावरचा रंग खरवडायला लागले. कशिशनं ओठ चावला.

"आणि फुलांचं काय?" ललित सर आता गांगुर्ड्यांकडे वळले. "फुलं नीट ठेवता ना?"

"फुलांना काय धाड भरली? एकदम फस्क्लास फुलं हायेत!" गांगुर्डे गरजले, आणि का कुणास ठाऊक, टेबलावरचं पाणी गटागटा प्याले.

आई मध्ये पडली. "मी तुम्हा तिघांनाही विनंती करते. परवा फोनवर जे बोलले तेच. जे मला सांगितलंत ते इथे बोललात तर..."

"यांनी आधी बोलावं," ललित सर म्हणाले.

"पहले आप," चाचा म्हणाले.

"तुमचं होऊ द्या, मंग मी हायेच की," गांगुर्डे म्हणाले.

सगळे छताकडे बघायला लागले. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. आईचा चेहरा वेदिकाला मागून दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते, आणि ते खाली आले होते. ते खांदे सोमवारी पहाटे एसटीच्या खिडकीत कसे दिसतील, हेही वेदिकाला लख्ख दिसलं.

आणि त्याच क्षणी तिला फस्सकन हसू फुटलं. खरंच! कारण हे 'तू आधी, तू आधी' तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. ते होतं तिच्या वर्गात, पेपर वाटल्यावर.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. गेल्या वर्षीची वेदिका असती तर टेबलाखाली गेली असती. ही उठून पुढे आली.

"सॉरी," ती म्हणाली. "पण आमच्या वर्गात पण असंच होतं. पेपर मिळाला की कुणी आधी मार्क दाखवत नाही. ज्यानं आधी दाखवले त्याला वाटतं आपण फसलो. मग आम्ही काय करतो, सगळ्यांनी पेपर छातीशी धरायचा, एक-दोन-तीन म्हणायचं, आणि एकदम उलटा करायचा. मग कुणीच आधी नाही, कुणीच नंतर नाही. कशिश, सांग ना!"

"हो ना," कशिश मागून म्हणाली. "त्यात लाज पण वाटत नाही. सगळ्यांची एकदमच निघते."

मग गांगुर्डे खो खो हसले. "आयला, पोरगी भारी हाय! आता हितं आम्ही पोरखेळ करायचा काय?"

"करू या," आई एकदम म्हणाली. तिचे खांदे वर आले होते. "पण नीट करू या. सगळं नाही बोलायचं. ललित सर, तुमच्या शोधनिबंधातलं काही नको. चाचा, तुमच्या बाकीच्या कृती तुमच्याच. फक्त एक गोष्ट. या फुलाला किंवा सुताला तुमच्या हातात असताना जे लागतं, आणि जे तुम्ही मला 'कुणाला सांगू नका' म्हणून सांगितलंत, तेवढंच. दोन शब्दांत. तिघांनी एकदम. आणि ते या खोलीबाहेर जाणार नाही, हा माझा शब्द."

आईच्या शब्दाची किंमत तिघांनाही माहीत होती. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ललित सरांनी मान हलवली. चाचांनी बिस्मिल्ला म्हटलं.

"एक... दोन... तीन!" वेदिका ओरडली.

"ताहिरडाजीपिंपं!"

"काय?" सगळे एकदम म्हणाले. कुणालाच कुणाचं ऐकू आलं नव्हतं!

"पुन्हा! सावकाश! एक... दोन... तीन!"

या वेळी दोघंच बोलले, आणि तेही एकमेकांवर चढून. गांगुर्डे नुसते तोंड उघडून बसले होते.

"काका, चीटिंग!"

"नाय गं, आवंढा गिळत व्हतो मी!"

"शेवटचं. एक... दोन... तीन!"

"ताजी फुलं!" ललित सर म्हणाले.

"हिरड्याचं पाणी!" चाचा म्हणाले.

"डांबराची पिंपं!" गांगुर्डे म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली बघायला लागला.

मग एकेकाचं बाहेर पडलं, आणि आता ते बाहेर पडायला काहीच अवघड नव्हतं. ललित सरांना प्रयोगाच्या वेळी निर्माल्य मिळालंच नव्हतं, त्यांनी बाजारातून ताजा झेंडू आणून रंग काढला होता. पुढच्या खेपेला निर्माल्य वापरू, असं म्हणत ते राहूनच गेलं होतं. चाचांच्या घराण्यात कुठलंही सूत रंगवण्याआधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायची रीत, त्यानं रंग पक्का बसतो. हे घराबाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी आजोबांची ताकीद. आणि गांगुर्ड्यांनी फुलांसाठी आणलेले प्लास्टिकचे ड्रम मेळ्यात भाविकांच्या पाण्यासाठी उचलले होते. "मान्सं तहानलेली मरू देऊ का फुलं बघू?" मग फुलं कुठे ठेवली? तर रस्त्याच्या कामातून उरलेल्या डांबराच्या जुन्या लोखंडी पिंपांत, घासूनपुसून, वर पाणी शिंपडून. रात्रभर.

"लोखंडी? गंजलेली?" ललित सर ताडकन उठले. "आणि तिकडून हिरडा?" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "लोखंड आणि हिरडा! अहो, पूर्वी लिहायची शाई अशीच करायचे! काळी होणार नाही तर काय होणार! चाचा, माफ करा. तुमचं काहीही चुकलेलं नाही. हिरडा उत्तमच आहे. मी जर पहिल्या दिवसापासून निर्माल्य वापरलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

"मी हिरडा सांगितला असता तर तेव्हाच कळलं असतं," चाचा म्हणाले.

"अन् म्या पिंपं सांगितली असती तर..." गांगुर्ड्यांनी हात जोडले. "जाऊ द्या, एकमेकाची उणीदुणी काढाया बसलो तर टेम्पोवाला जाईल घेऊन फुलं."

वेदिकानं आईकडे पाहिलं. आईनं डोळे मिटून घेतले होते आणि ती इतका लांब श्वास सोडत होती, की वाटावं, महिनाभर आत धरलेला असावा. तिनं एक अक्षर फोडलं नव्हतं. तरी सगळं उघड झालं होतं.

"करून बघू की लगेच," चाचा बाह्या सरसावत म्हणाले. "हिरडा माझ्या गाडीत आहे. तुरटी मिळेल कुठेही. आजची फुलं?"

"देवळातनं सकाळचीच आणवतो. बादलीतनं. प्लास्टिकच्या!" गांगुर्डे दारातून ओरडत गेले.

नगरपरिषदेच्या आवारात केरूमामांची चहाची टपरी होती. त्यांनी आधी ठाम नकार दिला. "माझ्या टोपात फुलं उकळणार? मंग गिऱ्हाइकाला चहा देऊ का काढा?" शेवटी गांगुर्ड्यांनी डोळे वटारल्यावर त्यांनी जुना ॲल्युमिनियमचा टोप काढून दिला, आणि मग सगळ्यांत पुढे तेच उभे राहिले. फुलं रटरटायला लागली. चाचांनी कोऱ्या सुताची लडी हिरड्याच्या पाण्यात बुडवली, पिळली, मग तुरटीच्या पाण्यात. ललित सर शेजारी उकिडवे बसून विचारत होते, "किती वेळ ठेवता? गरम की कोमट?" आणि चाचा सांगत होते! उलट तेच सरांना विचारत होते की रंग टोपात घट्ट कधी होतो, आणि सर सांगत होते. खतवाला टेम्पोतून उतरून चहा पीत बघत राहिला.

लडी टोपात गेली आणि सगळे टोपाभोवती वाकले. आई वेदिकाचा हात धरून उभी होती. कशिश डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.

बऱ्याच वेळानं चाचांनी काठीनं लडी वर उचलली. पाणी निथळलं. ऊन पडलेलं होतंच, त्यात ती चमकली.

पिवळी! नुसती पिवळी नव्हे, सरांच्या लडीहून गडद, हळदीच्या अंगाची, घसघशीत पिवळी!

"या अल्ला," चाचा हळूच म्हणाले, आणि बसले ते केरूमामांच्या बाकावर बसूनच राहिले. कशिश आणि वेदिकानं एकमेकींना मिठी मारून अशी उडी घेतली की टपरीवरची बिस्किटांची बरणी हलली. गांगुर्डे टेम्पोवाल्याला म्हणाले, "जा रे बाबा, तुला देठं देईन, फुलं नाय." आणि तिथल्या तिथे, चहाच्या टपरीवर, करारावर सह्या झाल्या. त्यात आईनं आपल्या हातानं एक कलम वाढवलं. फुलाला आणि सुताला जे जे लागेल ते तिघांनी माहिती कक्षाला कळवायचं, आणि कक्षानं ते तिघांनाही एकाच वेळी कळवायचं, आणि बाहेर कुणालाही नाही. गांगुर्ड्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "म्हंजे एक-दोन-तीनच की!"

आईनं सचिवांना फोन लावला. वेदिका समोर उभी राहून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"हो सर... तिघांच्याही... हो, सह्यांसकट... बरं." मग बराच वेळ ऐकणं. "बरं सर. नक्की." फोन ठेवून आई म्हणाली, "सटाण्याला दुसरं कुणीतरी बघतायत. आणि पंखा बदलून देतो म्हणाले."

वेदिकाला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपण नाचू. पण झालं भलतंच. ती पायरीवर बसली आणि तिला भूक लागली. अशी भूक, जशी आठवडाभर जेवलीच नव्हती! तिनं केरूमामांकडचे वडे खाल्ले, मग भजी खाल्ली, मग आईच्या ताटलीतला वडा खाल्ला. मग पप्पांना फोन केला. पप्पा मशीनच्या आवाजात ओरडले, "काय? काय म्हणालीस?" मग म्हणाले, "लग्न लागलं म्हणायचं. आईला सांग, रात्रीचं काही करू नको. मी खिचडी लावतो."

"पप्पा, आजच्या दिवशी तरी खिचडी नको!"

संध्याकाळच्या एसटीत दोघींना शेजारी जागा मिळाली. आई खिडकीशी बसली, आणि बस स्टँडबाहेर पडायच्या आत झोपली. तोंड किंचित उघडं, डोकं वेदिकाच्या खांद्यावर. एवढी गाढ झोपलेली आई वेदिकानं कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. तिनं खांदा जराही हलवला नाही, मुंग्या आल्या तरी.

कंडक्टर आले. "कुठलं तिकीट?"

"नाशिक!" वेदिका म्हणाली. "दोघी! दोघीही नाशिक!"

अर्धी बस वळून बघायला लागली.

"अगं हो, ऐकू आलं," कंडक्टर तिकिटं फाडत म्हणाले. "ओरडतेस काय? अमेरिकेला निघालीस काय?"

"नाही ना काका," वेदिका खुशीत म्हणाली, "कुठेच नाही निघालो!"